कंसातली नावं

झाडीबोलीत ‘ळ’ नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातली जुनी माणसं फळाला ‘फर’ म्हणतात आणि डोळ्याला ‘डोरा’. प्रस्तुत वक्त्यानं काही वर्षं या बोलीतले शब्द जमवले. एका फाइलीत दोन रकाने पाडले होते: डावीकडे बोलीतला शब्द, उजवीकडे प्रमाण मराठीतला अर्थ. एका रात्री डाव्या रकान्यात चुकून राहिलेले ‘ळ’ काढायचे म्हणून ‘शोधा आणि बदला’ची सोय वापरली. ‘ळ’च्या जागी ‘र’. फक्त डावा रकाना निवडायचा राहून गेला. क्षणात उजवीकडचा गाळ गार झाला, माळ मार झाली, नळाचा नर झाला आणि शाळेची शारा. फाइल जतन केली, दिवा मालवला.

चूक कळली ती नवव्या दिवशी. तरी घाबरायचं कारण वाटलं नाही, बॅकअप होता. रोज रात्री फाइलीची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जात होती आणि तिथे शेवटच्या सात दिवसांच्या सात प्रती कायम राहत. आठवी आली की सर्वांत जुनी पुसली जाई. सातही प्रती उघडल्या. सातही शाबूत होत्या. सातहींत गाळ गारच होता.

उलटा बदल करून भागण्यासारखं नव्हतं. ‘मार’ हा मुळातला मार की बिघडलेली माळ, हे यंत्राला कसं कळावं? शेवटी तीन महिन्यांपूर्वी एका मित्राला वाचायला दिलेली छापील प्रत परत आणली आणि उजवा रकाना हाताने दुरुस्त केला. मधल्या तीन महिन्यांतल्या शब्दांसाठी पुन्हा साकोलीच्या बाजूला फिरावं लागलं. ज्यांच्याकडून ते मिळाले होते त्यांतल्या एक आजी तोवर गेल्या होत्या.

आजच्या व्याख्यानाचा विषय घरच्या संगणकावरच्या फाइली आपोआप आणि इतिहासासकट जपणं हा आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी प्रेमानं विचारलं, “म्हणजे पेन ड्राइव्हवर कॉपी मारणंच ना?” गैरसमज नेमका इथे आहे. वर सांगितलेल्या प्रकरणात कॉपी मारलेली होती, एक सोडून सात वेळा. प्रत राखली गेली होती. ती कशी घडत गेली, हे कुणीच राखलं नव्हतं.

नागपूरच्या श्रोत्यांना हा फरक सांगायला संगणकापर्यंत जायची गरज नाही, तहसील कचेरीपर्यंत गेलं तरी पुरे. सभागृहातल्या निम्म्या मंडळींचं गावाकडे थोडंबहुत शेत असेल आणि त्याचा सातबारा कपाटात असेल. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पेरलं. हा झाला आजच्या स्थितीचा कागद. पण सातबाऱ्यावर नावाशेजारी एक लहानसा आकडा असतो, फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहाकडे, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीकडे गेलं की कळतं की हे नाव इथे कधी आलं आणि कशानं आलं: खरेदीनं, वारसानं, वाटणीनं, बक्षीसपत्रानं की कोर्टाच्या हुकमानं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्यानं नोंद वहीत घ्यायची, चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत उतरवायची आणि मग वरच्या अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची. (तलाठ्याला विदर्भात अजून पटवारीच म्हणतात. सरकारनं अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं बारसं केलं आहे, तरी लोक पटवारीच म्हणत राहतील.)

आणि आधीच्या मालकाचं नाव? हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर ते कधी खोडत नसत. त्याला कंस करत. आजोबा वारले की आजोबांच्या नावाला कंस, खाली वडील आणि आत्या, शेजारी नव्या फेरफाराचा क्रमांक. कंसातला माणूस मालक राहिलेला नसे, पण कागदावरून गेलेलाही नसे. शेतीचा एक तुकडा पन्नास वर्षांत कुणाकुणाच्या हातून गेला, हे एका पानावर वाचता येई.

घोळ कधी होत, तेही पाहण्यासारखं आहे. कंस वाढत जाऊन पान भरलं की सातबाऱ्याचं पुनर्लेखन होई. नव्या पानावर चालू नावं तेवढी उतरत, कंसातली मागे राहत. या उतरवण्यातच एखाद्या बहिणीचं नाव गळे, क्षेत्राचा आकडा सरके. पुढे संगणकीकरणात हाताने लिहिलेलं टंकताना अशाच चुका झाल्या. कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करून मागायची तर अर्जदाराला जुना फेरफार काढून दाखवावा लागतो. तो सापडला तर काम होतं. नुसत्या सातबाऱ्याच्या दहा झेरॉक्स घेऊन गेलं, तर दहाही झेरॉक्सवर तीच चूक असते.

संगणकाच्या जगात फेरफाराच्या वहीला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये अशी पहिली प्रणाली लिहिली. आज सगळीकडे चालते ती गिट. तिच्या जन्माची हकिकत भांडणाची आहे. लिनक्सच्या गाभ्याचं काम करणारे लोक त्या वेळी एका कंपनीची प्रणाली फुकट वापरत होते. २००५ मध्ये ती सवलत काढून घेतली गेली आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी चिडून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ७ एप्रिलला गिट स्वतःच्याच मजकुराचा इतिहास ठेवू लागली होती.

गिटमधली एक नोंद, म्हणजे कमिट, पटवाऱ्याच्या नोंदीसारखीच असते: कुणी केलं, कधी केलं, का केलं, आणि तेव्हा फोल्डरमधली प्रत्येक फाइल कशी होती. क्रमांकाची तऱ्हा मात्र वेगळी. फेरफाराला एकापुढे एक आकडे पडतात. गिटचा क्रमांक चाळीस अक्षरांचा असतो आणि तो नोंदीतल्या मजकुरातूनच गणितानं निघतो. त्या मजकुरात आधीच्या नोंदीचा क्रमांकही असतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची एखादी नोंद कुणी गुपचूप बदलली तर तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलतात आणि लबाडी उघडी पडते. जमिनीच्या दप्तराला ही सोय मिळाली असती तर जिल्हा न्यायालयातले कितीतरी दावे उभेच राहिले नसते.

झाडीबोलीची फाइल त्या दिवसांत गिटमध्ये असती तर काय दिसलं असतं? नवव्या दिवशी ‘गिट लॉग’ अशी आज्ञा दिली असती, तर नोंदींची यादी आली असती. त्यातल्या एका रात्रीच्या नोंदीत शेकडो ओळी एकदम बदललेल्या दिसल्या असत्या, जुनी ओळ लाल, नवी हिरवी. त्या एका नोंदीपुरता बदल मागे घेतला असता तर नंतरच्या आठ दिवसांत जमवलेले नवे शब्द जागच्या जागी राहिले असते. काम पाच मिनिटांचं.

पण गिट स्वतःहून काही करत नाही. ‘नोंद कर’ असं माणसानं सांगावं लागतं, आणि माणूस विसरतो. व्यायामाचा संकल्प आणि बॅकअपचा संकल्प यांचं आयुष्य साधारण सारखंच. म्हणून हे काम घड्याळाकडे द्यायचं. लिनक्स आणि मॅकवर क्रॉन नावाची जुनी सोय आहे. तिच्या तक्त्यातल्या ओळीत पाच खुणा लिहायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘शून्य, एकवीस, तारा, तारा, तारा’ असं लिहिलं की रोज रात्री नऊ वाजता पुढची आज्ञा चालते. विंडोजवर हेच टास्क शेड्यूलर करतो. आज्ञांची फाइल चार ओळींची असते: कागदांच्या फोल्डरमध्ये जा, जे नवं-जुनं बदललं असेल ते घे, आजच्या तारखेनं नोंद कर, आणि दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीत ढकल. काही बदललंच नसेल तर नोंद होत नाही. नऊच्या सुमाराला लाइन गेली, आणि उन्हाळ्यात ती जातेच, तर क्रॉनची त्या दिवसाची पाळी चुकते. ॲनाक्रॉन नावाचं त्याचं भावंड मात्र संगणक पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकतं.

यात एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. यंत्रानं केलेल्या नोंदीत ‘का’च्या जागी नुसती तारीख असते. म्हणजे वही भरलेली, पण ‘कशानं’चा रकाना कोरा. प्रस्तुत वक्त्याचा रिवाज असा की नऊची नोंद यंत्रानं करावी आणि मोठा बदल करण्याआधी एक नोंद हाताने, एका वाक्याच्या कारणासह. ‘डावीकडचे ळ काढण्यापूर्वी’ एवढं लिहिलं तरी चालतं.

मराठीत लिहिणाऱ्याला गिट पहिल्याच दिवशी एक झटका देते. फाइलीचं नाव ‘मृत्युपत्र’ ठेवलं तर यादीत ते दिसत नाही. त्याजागी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २५६ असे आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर संगणकात तीन तुकड्यांत साठवलेलं असतं, आणि इंग्रजीपलीकडची नावं गिट मुळात तुकड्यांच्या आकड्यांत दाखवते. ते तीन आकडे म्हणजे ‘म’. कोटपाथ नावाची एक खूण बंद केली की मराठी नाव मराठीत दिसू लागतं. दुसरी अडचण परिच्छेदांची. गिट ओळीनं मोजते, आणि आपला दीडशे शब्दांचा परिच्छेद तिच्या लेखी एकच ओळ असते. एक स्वल्पविराम हलवला तरी सगळा परिच्छेद बदलला असं ती सांगते. फरक शब्दाशब्दानं दाखव असं वेगळं सांगावं लागतं. वर्डची फाइल तर आतून आवळून बांधलेलं गाठोडं असते. गिट ती जपते, पण तिच्यातला फरक वाचून दाखवू शकत नाही. त्यामुळे ज्या मजकुराचा इतिहास वाचायचा आहे तो साध्या टेक्स्ट फाइलीत असलेला बरा. आणि नव्वदच्या दशकातल्या खास फॉन्टांत टंकलेले जुने लेख आधी युनिकोडमध्ये आणावेत. त्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी चिन्हांवर चढवलेले मराठी मुखवटे असतात. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो, आणि उरलेली चिन्हं गिट इमानेइतबारे पुढच्या पिढीला देते.

‘दुसऱ्या ठिकाणची प्रत’ असं वर म्हटलं, त्यातलं ठिकाण नागपूरकरांना वेगळं समजवायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडले, अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत तळमजल्यांत पाणी शिरलं. मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं दगावली, तिथे कागदांचं दुःख काय सांगावं. पण कागदही गेले. लॅपटॉप टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, ही आपल्या घरांतली नेहमीची मांडणी. पाणी आधी खालच्या खणात जातं. मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, तेव्हाही ज्या कागदाची जोडप्रत दुसऱ्या गावच्या कचेरीत होती तोच पुन्हा उभा करता येण्यासारखा होता. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला तीन-दोन-एकचा हिशोब यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या पत्त्यावर. गिटमध्ये ‘दुसरा पत्ता’ पुण्याच्या भावाच्या घरातला जुना संगणक असला तरी चालतो, कारण तिथे फाइलींबरोबर सगळी नोंदवही जाते. नागपूरचा संगणक बुडाला तर पुण्याची प्रतच मूळ प्रत होते.

हे सगळं विदर्भात एकदा होऊन गेलं आहे, तेही संगणकाच्या सातशे वर्षं आधी.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते. त्यांची रीत आजच्या माणसालाही लाजवील. ज्या प्रसंगाला जे हजर होते त्यांच्याकडे जायचं, विचारायचं, एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून पाहायचं, आणि नागदेवाचार्यांना दाखवून मगच पक्कं करायचं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पंथाची माणसं पांगली आणि मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. प्रत एकच होती. तीही प्रवासात, मालकाबरोबर. तीन-दोन-एकच्या हिशोबानं शून्य गुण.

ग्रंथ परत आला तो हिराइसेच्या स्मरणातून. तिला तो पाठ होता. तिच्यासारख्याच आणखीही काहींना होता, आणि प्रत्येकाचं पाठांतर थोडं वेगळं. इथे महानुभावांनी जे केलं ते पाहून थक्क व्हायला होतं. एक पाठ खरा आणि बाकीचे खोटे असं ठरवून ते मोकळे झाले नाहीत. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासाचा पाठ, परशरामबासाचा पाठ असे नावानिशी वेगळे ठेवले. पोथीच्या अंगातच ‘वासना’, ‘शोध’ अशा खुणा घालून अमक्याच्या सांगण्याप्रमाणे इथे असं आहे, हे टिपून ठेवलं. कुणाच्या तोंडून आलेला शब्द, हे शब्दाइतकंच महत्त्वाचं मानलं. गिटच्या भाषेत याला शाखा म्हणतात, आणि शाखा नावासकट जपणं हा तिचा अर्धा धंदा आहे.

या पोथ्यांचं पुढचं काम बरंचसं नागपुरातच झालं. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग इथूनच छापायला घेतले. वि. भि. कोलते, जे पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, आयुष्यभर महानुभावांच्या हस्तलिखितांत बसले; त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. पाठभेद राखलेच नसते तर या संपादकांना संपादायला काय उरलं असतं, हा प्रश्न आहे. एक गुळगुळीत प्रत हाती आली असती आणि तिच्यात कुठला गाळ गार झाला आहे, हे कुणालाच कळलं नसतं.

याच्या अगदी उलट वाट पैठणात एकनाथांनी घेतली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या वाढत गेलेल्या पाठभेदांतून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी मिसळू नये असं बजावलं. वारकऱ्यांना रोज वाचायला एक नितळ पोथी मिळाली, हे खरंच. पण नाथांसमोर कोणत्या प्रती होत्या आणि त्यांनी काय गाळलं, याची वही आपल्यापाशी नाही. नाथांच्या निवडीवर शंका घेण्याची कुणाची छाती नाही. वही हवी होती, एवढंच.

आता काही भानगडी, थोडक्यात. गिटमध्ये गेलेलं सहजी जात नाही, हा गुण पासवर्डाच्या बाबतीत अवगुण आहे. बँकेचा पासवर्ड लिहिलेली फाइल आज पुसली तरी कालच्या नोंदीत ती असते, आणि दुसऱ्या पत्त्यावरही पोचलेली असते. अशी फाइल पहिल्यापासून बाहेर ठेवावी. लग्नाचे व्हिडिओही गिटमध्ये घालू नयेत. वही फुगते आणि हलेनाशी होते. फोटो-व्हिडिओंसाठी रेस्टिक, बोर्ग अशी साधनं आहेत, ती तारीखवार अवस्था ठेवतात, तोच तुकडा दुसऱ्यांदा साठवत नाहीत आणि सगळं कुलूपबंद करून पाठवतात. आणि गूगल ड्राइव्हसारख्या सोयीला बॅकअप समजू नये. ती आरसा आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, कचरापेटीत तीस दिवस राहतं, मग जातं. नवव्या दिवशी चूक कळणारा नशीबवान म्हणायचा. लोकांना नवव्या महिन्यात कळते.

सर्वांत मोठी भानगड अशी की बॅकअप चालू आहे असं वाटणं आणि तो चालू असणं यांत अंतर पडतं. गिटलॅब या, दुसऱ्यांच्या गिट-वह्या सांभाळणाऱ्याच कंपनीत, ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्यानं चुकीच्या यंत्रावर विदागार पुसलं. बॅकअपच्या पाच सोयी होत्या; शोधायला गेले तर एकही धड चालत नव्हती. बिघाडाच्या सूचना ईमेलने निघत होत्या, पण कुणापर्यंत पोचत नव्हत्या. योगायोगानं सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावलं. कंपनीनं ही सगळी शोधाशोध लपवली नाही, जगासमोर थेट दाखवली, याचं कौतुक केलं पाहिजे. घरच्या घरी यावर उपाय एवढाच की तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या पत्त्यावरची प्रत भलत्याच संगणकावर उतरवून घ्यावी आणि एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. प्रस्तुत वक्त्यानं हे पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की पुण्याचा संगणक सहा आठवड्यांपासून बंद होता. वहिनींनी मिक्सरसाठी प्लग काढला होता.

या व्याख्यानाची संहिताही त्याच फोल्डरमध्ये आहे. काल रात्रीपर्यंत तिच्या एकवीस नोंदी झाल्या, पंधरा यंत्राच्या आणि सहा हातच्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, त्यावर इथे दोन पानं होती. वेळेत बसेनात म्हणून मंगळवारी ती काढली. कारणाच्या जागी ‘लांबलं’ असं लिहिलं आहे. प्रश्नोत्तरांत कुणी विचारलं तर ती पानं काढून वाचून दाखवता येतील. लॅपटॉप इथेच आहे.